डॉ. वाल्डेमार हाफकिन यांचे अल्पचरित्र

मुळशीच्या खोऱ्यातील आमच्या एका लहान मंडळीत नुकतीच घडलेली गोष्ट प्रथम सांगतो. हल्ली आशाताई घरोघर फिरून तीस वर्षांवरील स्त्रीपुरुषांचा एक तक्ता भरतात, हे आपणांस ठाऊक आहे. वय किती, कंबरेचा घेर किती, तंबाखू किंवा मिश्रीची सवय आहे काय, दारूचे व्यसन आहे काय, अंगमेहनत किती घडते, घराण्यात मधुमेह, रक्तदाब अथवा हृदयाचा विकार कोणास होता काय, असे प्रश्न विचारून त्या प्रत्येक उत्तरास गुण देतात व शेवटी बेरीज करतात. तपासणी सर्वांनीच करून घ्यावयाची असते. परंतु ज्याची बेरीज चाराहून अधिक भरते, त्याने ती आधी करून घ्यावी असा नियम आहे.

आमच्या मंडळीतील एका वृद्ध बाईंची बेरीज सात झाली. आपले दिवस भरले असे समजून त्यांनी अन्न टाकले, आणि मला बोलावणे पाठविले. त्यांच्या शेजारणीची बेरीज तीन झाली. ती तरुण बाई निश्चिंत झाली, आणि ओट्यावर बसून तिने पुन्हा मिश्रीची डबी उघडली. एकीने आकड्यास मृत्यूची चिठ्ठी मानले, दुसरीने अभयपत्र. दोघींचीही चूक एकच होती. ती चूक कोणती हे समजण्यास ज्या पुरुषाच्या चरित्राचा आपणांस फार उपयोग होईल, त्याचे नाव मुंबईतील परळच्या एका मोठ्या संस्थेस दिलेले आहे. परंतु त्याची हकीकत खेड्यापाड्यांत फार थोड्यांस माहीत असते. ती आज थोडक्यात देत आहे.

वाल्डेमार हाफकिन यांचा जन्म १५ मार्च १८६० रोजी काळ्या समुद्राच्या काठी ओडेसा शहरी एका यहूदी कुटुंबात झाला. ते शहर त्या वेळी रशियाच्या बादशाहीत होते. तेथील विद्यापीठात त्यांनी प्राणिशास्त्राचा अभ्यास केला. मेचनिकॉव्ह नामक थोर शास्त्रज्ञ हे त्यांचे गुरू होते. त्या काळी रशियात यहूदी लोकांवर वारंवार हल्ले होत. तरुण हाफकिन आपल्या लोकांच्या रक्षणासाठी उभे राहिले, त्यांत जखमी झाले व त्यांना अटकही झाली. गुरूंच्या खटपटीने त्यांची सुटका झाली. पुढे, रशियाच्या राजमान्य पंथाची दीक्षा घेतल्यास अध्यापकाची जागा मिळेल, असे त्यांना सुचविण्यात आले. त्यांनी ते नाकारले. पोटासाठी धर्म बदलला हा टोमणा आपल्या वाडवडिलांनी गावोगाव ऐकला आहे. म्हणून जागेसाठी धर्म न विकणाऱ्या या यहूदी तरुणाचे मोल आपणांस इतरांपेक्षा अधिक कळावे.

सन १८८८ मध्ये त्यांनी मायदेश सोडला. काही काळ जिनिव्हात काढून ते पॅरिसला पाश्चर यांच्या संस्थेत गेले. तेथे प्रथम त्यांस मिळाली ती ग्रंथपालाची जागा. पुस्तके सांभाळून उरलेल्या वेळात ते पटकीच्या जंतूंवर प्रयोग करीत. अखेर त्यांनी पटकीवर लस तयार केली, आणि १८ जुलै १८९२ रोजी ती प्रथम स्वतःच्याच अंगात टोचून घेतली. ताप आला, तो उतरला, आणि लस निर्धोक आहे अशी त्यांची खात्री झाली.

परंतु निर्धोक असणे वेगळे आणि गुणकारी असणे वेगळे. एक मनुष्य टोचून घेऊन जिवंत राहिला, एवढ्यावरून लसीने त्यास वाचविले असे म्हणता येत नाही. कदाचित त्यास पटकी होणारच नव्हती. हे सिद्ध करण्यास जेथे पटकी नित्य होते अशा देशी जाणे प्राप्त होते. म्हणून सन १८९३ मध्ये हाफकिन हिंदुस्थानात आले. दोन-अडीच वर्षांत उत्तर हिंदुस्थान, बंगाल व आसाम येथे फिरून त्यांनी चाळीस हजारांवर लोकांस लस टोचली. सन १८९४ मध्ये कलकत्त्याच्या एका वस्तीत पटकी सुरू झाली असता सुमारे दोनशे रहिवाशांपैकी ११६ जणांनी टोचून घेतले. पुढे त्या वस्तीत ज्यांस पटकी झाली ते सर्व न टोचलेल्यांपैकी होते. टोचलेले व न टोचलेले एकाच तळ्याचे पाणी पीत होते, एकाच गल्लीत राहत होते, म्हणूनच या तुलनेस किंमत होती. हा धडा हाफकिन यांनी जन्मभर सोडला नाही.

सन १८९६ च्या सप्टेंबरात मुंबईच्या मांडवी भागात प्लेग असल्याचे डॉ. आकासियो व्हिएगस या गोमंतकीय डॉक्टरांनी ओळखले. ऑक्टोबरात सरकारने हाफकिन यांना मुंबईस बोलाविले. भायखळ्याच्या ग्रँट मेडिकल कॉलेजात त्यांस जागा मिळाली, आणि हाताखाली एक कारकून व तीन शिपाई. एवढ्या साहित्यावर त्यांनी तीन महिन्यांत लस बनविली. मांसाच्या रशात प्लेगचे जंतू वाढवावयाचे असत. त्या रशावर त्यांनी आपल्या घरातील साध्या तुपाचे थेंब तरंगत ठेविले. त्या थेंबांखाली जंतूंचे झुपके लोंबू लागत. मग तो रस ठराविक उष्णतेवर तापवून जंतू मारीत व तीच लस होई. १० जानेवारी १८९७ रोजी हाफकिन यांनी तीही प्रथम आपल्या अंगात टोचून घेतली, आणि तीही इतरांस देण्याच्या मात्रेहून मोठी.

त्या महिन्याच्या अखेरीस भायखळ्याच्या तुरुंगात प्लेग शिरला. ३० जानेवारीस तेथील सुमारे निम्म्या कैद्यांनी आपखुशीने टोचून घेतले, बाकीच्यांनी घेतले नाही. दोघांस अन्न तेच, कोठडी तीच, काम तेच. टोचतेवेळीच ज्यांच्या अंगात रोग शिरला होता ते वगळता, पुढील दिवसांत टोचलेल्यांपैकी कोणी दगावला नाही. न टोचलेल्यांत मात्र मृत्यू होत राहिले. आधीच रोगी असलेल्यांस हाफकिन यांनी निराळे का काढले, हे ध्यानात घ्यावे. त्यांचा मृत्यू लसीच्या खात्यावर लिहिणे हा अन्याय झाला असता. त्यांस मुळीच न नोंदविणे ही लबाडी झाली असती. म्हणून ते स्वतंत्र दाखविले गेले.

आपल्या पुण्यात त्याच वर्षी काय झाले ते प्रसिद्धच आहे. रोगी शोधण्यास शिपाई घरांत शिरले. लोकांस काखा व जांघा दाखवाव्या लागल्या. ज्यावर संशय आला त्यास छावणीत नेण्यात आले. पंडिता रमाबाईंनी प्लेगच्या इस्पितळांतील स्त्रियांच्या स्थितीविषयी जाहीर तक्रार केली. सावित्रीबाई फुले यांनी रोग्यांची शुश्रूषा करता करता १० मार्च १८९७ रोजी देह ठेविला. २२ जून रोजी प्लेग कमिटीचे प्रमुख रँड यांजवर गोळी झाडण्यात आली. येथे रोगनिदानाची एक गोष्ट सांगण्याजोगी आहे. ताप आणि जांघेत अथवा काखेत गाठ ही प्लेगची खूण खरी. परंतु शेतकऱ्याच्या पायात काटा मोडून जखम चिघळली तरी जांघेत अवधाण येते व तापही भरतो, हे आपल्यापैकी प्रत्येकास ठाऊक आहे. ज्या आळीत उंदीर पटापट मरत आहेत व रोज तिरड्या निघत आहेत, तेथे अवधाण दिसले तर प्लेगचा संशय बळकट. ज्या गावी प्लेग आलेलाच नाही, तेथे तेच अवधाण बहुधा काट्याचेच. खूण एकच, पण ठिकाणाप्रमाणे तिचा अर्थ बदलतो. खुणेवरून रोगाची शक्यता वाढते वा घटते. खूण म्हणजे रोग नव्हे. ज्यांनी हे ओळखले नाही, त्यांच्या हातून निरोगी माणसे छावणीत गेली.

लोकांच्या मनात अशी धास्ती असता सुईस कोण हात देणार? मुंबईत आगाखान यांनी पुढे होऊन स्वतः टोचून घेतले, तेव्हा त्यांच्या खोजा जमातीतील हजारो लोक पुढे आले. इतरांत मात्र नाना कंड्या पिकत होत्या. अशा वेळी सन १८९८ च्या फेब्रुवारीत बडोद्याजवळच्या उंधेरा नावाच्या खेड्यात हाफकिन गेले. ते खेडे सयाजीराव गायकवाड महाराजांच्या राज्यात होते. तेथे जे झाले ते या चरित्राचे मर्म होय, म्हणून सावकाश सांगतो.

उंधेऱ्यात प्लेग आलेला होता. हाफकिन यांनी एकेक कुटुंब बाहेर बोलाविले आणि प्रत्येक कुटुंबातील सुमारे निम्म्या माणसांस टोचले. पुरुष व स्त्रिया, म्हातारे व मुले, सशक्त व अशक्त, ही दोन्ही बाजूंस होता होईल तो सारखी पडतील असे पाहिले. असे का? गावातील धीट, शहाणे व सुखवस्तू तेवढेच टोचून घेतील, आणि गरीब व दुबळे राहतील, तर पुढे जो फरक दिसेल तो लसीचा की सुस्थितीचा हे कोण सांगणार? एकाच छपराखाली, एकाच चुलीवरचे खाणारी माणसे दोन बाजूंस वाटली म्हणजे ही शंका उरत नाही.

काही आठवड्यांनी गावात फिरून घरोघर मोजणी करण्यात आली. २८ घरांत प्लेग शिरला होता. त्या घरांत टोचलेली माणसे ७१ होती. त्यांपैकी ८ आजारी पडली व ३ मेली. न टोचलेली ६४ होती. त्यांपैकी २७ आजारी पडली व २६ मेली. दोन्ही बाजूंची माणसे सारखी नाहीत, म्हणून शेकड्याचा हिशेब करू. न टोचलेल्यांत शेकडा सुमारे ४१ मेले, टोचलेल्यांत शेकडा सुमारे ४. म्हणजे मृत्यूचे भय दहापट कमी झाले.

आता या आकड्यांमागची माणसे पाहा. टोचून घेऊनही तिघे मेले. त्यांच्या घरी सुईनेच घात केला असे कोणी म्हटले असेल, तर त्या दुःखात ते स्वाभाविकच होय. उलटपक्षी, न टोचलेल्या ६४ पैकी ३८ जण जिवंत राहिले. आम्ही टोचले नाही, आमचे काय बिघडले, असे ते पारावर बसून सांगू शकत होते. आणि ते खोटेही बोलत नव्हते. गावातील चावडीवर हे ३८ आणि त्या तिघांच्या घरची माणसे बोलत राहतात. परंतु जे २६ मेले ते बोलावयास येत नाहीत. म्हणून एकट्यादुकट्याच्या गोष्टीवरून निर्णय करू नये. दोन्ही बाजूंची सर्व माणसे, जिवंत आणि मेलेली, मोजावी, आणि मग बोलावे. हाफकिन यांनी हेच केले.

येथे एक कठीण प्रश्न उभा राहतो, आणि तो टाळणे बरे नव्हे. ज्या २६ जणांस टोचले नाही आणि जे मेले, त्यांचे काय? एकाच घरात एका भावास लस व दुसऱ्यास नाही, हे कोणत्या न्यायाने? याचे उत्तर एवढेच देता येते की, त्या दिवशी लसीच्या गुणाविषयी लोकांची व सरकारचीही पुरती खात्री झालेली नव्हती, आणि खात्री होण्यास दुसरा मार्ग नव्हता. आज असा प्रयोग करावयाचा तर प्रत्येक माणसास सर्व समजावून त्याची संमती घ्यावी लागते, आणि ते योग्यच आहे. तथापि उंधेऱ्याच्या त्या २६ जणांचे ऋण, पुढे ज्या लाखो लोकांनी विश्वासाने टोचून घेतले त्यांजवर राहिले, हे विसरता कामा नये.

प्लेगच्या चौकशीसाठी नेमलेल्या कमिशनने ठिकठिकाणच्या नोंदींतील चुका दाखविल्या, परंतु टोचल्याने रोग व मृत्यू कमी होतात हे मान्य केले. १० ऑगस्ट १८९९ रोजी परळच्या जुन्या सरकारवाड्यात प्लेगची प्रयोगशाळा थाटण्यात आली आणि हाफकिन तिचे मुख्य झाले. तेथून लसीच्या बाटल्या देशभर जाऊ लागल्या.

मग संकट आले. ३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातील मुल्कोवाल खेड्यात १०७ लोकांस टोचण्यात आले. त्यांपैकी १९ जणांस आठवड्याभरात धनुर्वात होऊन ते सर्व मरण पावले. हे एकोणीसही एकाच बाटलीतून टोचलेले होते. बाकीच्या ८८ जणांस काही झाले नाही. चौकशी झाली. बाटली परळहून निघाली तेव्हाच तीत विष होते, असा ठपका ठेवण्यात आला आणि हाफकिन यांस कामावरून दूर करण्यात आले. ते वैद्यकीची पदवी नसलेले, परदेशचे आणि यहूदी. त्यांची बाजू घेणारे थोडे निघाले.

परंतु पुरावा दुसरेच सांगत होता. बाटली उघडतेवेळी मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता, आणि तो नीट शुद्ध न करता त्यानेच बूच काढण्यात आले होते. धनुर्वाताचे जंतू मातीत असतात, हे आपण शेतकरी जाणतो. बाटली भरून सुमारे चाळीस दिवस झाले होते. इतके दिवस ते जंतू आत वाढले असते तर उघडताच दुर्गंधी आली असती. तशी ती आली नव्हती. म्हणजे मृत्यूची दोन कारणे संभवत होती, आणि त्यांपैकी कोणते अधिक संभवनीय हे पुरावा तोलून ठरवावयाचे होते. तोलण्याआधीच निकाल झाला. ज्याने जगास दोन्ही बाजू मोजण्यास शिकविले, त्याच्या बाबतीत एकच बाजू मोजली गेली.

मलेरिया डासांमुळे पसरतो हे शोधून काढणारे सर रोनाल्ड रॉस यांनी हे प्रकरण हाती धरले. सन १९०७ च्या जुलैत दहा शास्त्रज्ञांच्या सह्यांचे पत्र लंडनच्या टाइम्स पत्रात छापले गेले, आणि त्या वर्षाच्या अखेरीस हाफकिन निर्दोष ठरले. पाच वर्षे गेली होती. ते पुन्हा कलकत्त्यास कामावर आले, परंतु नव्या लसीचे मोठे प्रयोग करण्याची मोकळीक त्यांस मिळाली नाही. सन १९१४ मध्ये निवृत्त होऊन ते युरोपास परतले. त्यांनी लग्न केले नाही. २६ ऑक्टोबर १९३० रोजी स्वित्झर्लंडमधील लोझान शहरी त्यांचा अंत झाला. आपली ठेव ते यहूदी मुलांच्या धर्मशिक्षणासाठी ठेवून गेले. त्यापूर्वीच, सन १९२५ मध्ये, परळच्या प्रयोगशाळेस त्यांचे नाव देण्यात आले होते; तीच हाफकिन संस्था होय.

सन १८९६ पासून पंचवीस वर्षांत हिंदुस्थानात प्लेगने एक कोटीहून अधिक माणसे नेली. उंदरांवरील पिसवांनी हा रोग पसरतो हे पुढे सिद्ध झाले, गुणकारी औषधे निघाली, आणि हाफकिन यांची ती लस मागे पडली. परंतु त्यांची मोजण्याची रीत मागे पडली नाही. आशाताईंच्या तक्त्यातील गुण त्याच रीतीच्या घराण्यातले आहेत. तंबाखू खाणारे आणि न खाणारे, कंबर सुटलेले आणि न सुटलेले, अशा हजारो माणसांस वर्षानुवर्षे पाहून, कोणत्या बाजूस शेकडा किती आजारी पडले हे मोजले गेले. आणि ज्या गोष्टीने भय वाढते तिला गुण देण्यात आले.

तेव्हा सात गुण म्हणजे मधुमेह नव्हे, आणि मरण तर नव्हेच. आपणांसारख्यांत रोग सापडण्याचा संभव अधिक, म्हणून आधी तपासून घ्यावे, एवढाच त्याचा अर्थ. ते जांघेतील अवधाणासारखे आहे. ते पाहून घाबरावयाचे नसते, कारण शोधावयाचे असते. तसेच तीन गुण म्हणजे निरोगीपणाचा दाखला नव्हे; टोचलेल्या ७१ मध्येही तिघे मेलेच होते. शेकड्याचा हिशेब पुष्कळांविषयी खरे सांगतो. त्या शेकड्यात आपण कोणत्या बाजूस, हे तो सांगत नाही. त्यासाठी रक्त, दाब व तोंड यांची तपासणी करावी लागते.

मी त्या वृद्ध बाईंस उंधेऱ्याची ही हकीकत सांगितली. त्यांनी पुष्कळ वेळ ऐकून घेतले, आणि मग न टोचलेल्यांतले ३८ वाचले ना, असे मला दोनदा विचारले. दुसऱ्या दिवशी त्या जेवल्या, आणि ठरलेल्या दिवशी आरोग्य केंद्रात गेल्या. त्यांचा रक्तदाब वाढलेला निघाला, साखर नव्हती. रोज एक गोळी घेऊन त्या आता कामाला लागल्या आहेत. शेजारणीस मात्र अजून नेता आलेले नाही. तिची मिश्रीही सुटलेली नाही. तिच्यासाठी मी पुन्हा जाणार आहे.

उपदेशक बंधूंस माझी विनंती आहे की, आपापल्या गावी तक्ता भरला गेला म्हणजे लोकांस त्याचा अर्थ समजावून सांगावा. ज्याचे गुण अधिक त्यास धीर द्यावा व त्यासोबत केंद्रापर्यंत चालत जावे. ज्याचे गुण कमी त्यास सावध करावे. आणि औषधाने किंवा सुईने अमक्याचा घात केला अशी वार्ता कानी आली, तर ती पुढे सांगण्यापूर्वी, घेतलेले किती व न घेतलेले किती, आणि त्यांपैकी प्रत्येकाचे काय झाले, हे विचारावे. एवढी सवय आपणांस लागली तरी परळच्या त्या परदेशी गृहस्थाचे श्रम आपल्या खोऱ्यातही पोहोचले असे होईल.